विद्युत बास गिटारमधील पिकअप-संयोग : तंत्र, वाद्यवृंद आणि श्रोता यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास प्रामुख्याने घराणी, गायक, नाट्यसंगीत आणि संगीतकार यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाद्यांचा विचार झाला तोही बहुधा सतार, तंबोरा, तबला, पेटी अशा रागसंगीताशी निगडित वाद्यांपुरता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि एका दीर्घ कारागिरी परंपरेची अधिकृत नोंद झाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणसाच्या कानावर दररोज पडणारे जे संगीत होते, त्या चित्रपटगीतांचा पाया पेलणारे विद्युत बास गिटार हे वाद्य आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे.

प्रस्तुत लेखात या वाद्याच्या एका विशिष्ट तांत्रिक अंगाचा, म्हणजे भिन्न प्रकारच्या पिकअपच्या संयोगाचा, ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. वरवर पाहता हा विषय केवळ कारागिराचा किंवा ध्वनिअभियंत्याचा वाटतो. प्रत्यक्षात मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातील वादकांचे श्रम, स्वातंत्र्योत्तर आयात-धोरण, वीजपुरवठ्याची स्थिती आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील श्रोत्याचे ऐकणे, असे सामाजिक इतिहासाचे अनेक धागे त्यात गुंतलेले आहेत. हे धागे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पिकअपची पूर्वपीठिका

तारेच्या कंपनाचे विद्युत-संकेतात रूपांतर करणारे साधन म्हणजे पिकअप. त्याचे मूळ मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वात आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. त्यावरून जाणारी पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. अमेरिकेत जॉर्ज बोशां याने १९३० च्या दशकाच्या आरंभी हे तत्त्व हवाइयन गिटारला लावले. त्याच्या रचनेला १९३७ मध्ये पेटंट मिळाले. याच दशकात पॉल टटमार्क याने ऑडिओव्हॉक्स या नावाने आडवे धरून वाजवावयाचे विद्युत बास वाद्य तयार केले, परंतु त्याचा प्रसार झाला नाही.

बास गिटारचा खरा प्रसार लिओ फेंडर याच्या १९५१ मधील प्रिसिजन बासपासून सुरू झाला. उभा डबल बास आकाराने अवजड होता आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याला पडदे नसल्याने स्वरस्थान शोधण्यास दीर्घ तालीम लागे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून 'प्रिसिजन' हे नाव. आरंभी या वाद्यावर एकच साधा पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकी दोन तारांना एक वेटोळे देण्यात आले. ही वेटोळी परस्परविरुद्ध जोडल्यामुळे वीजवाहिन्यांतून येणारे हमिंग रद्द होऊ लागले. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने १९५० च्या दशकाच्या मध्यास याच हेतूने दोन वेटोळ्यांचा हमबकर विकसित केला होता. म्हणजे १९६० पूर्वीच पिकअपचे किमान तीन प्रकार अस्तित्वात आले होते : एकेरी वेटोळ्याचा, दुभंगलेला आणि हमबकर.

एका तारेला दोन पिकअप का?

पिकअप कोणत्या जागी बसवला आहे यावर आवाजाचे स्वरूप ठरते. सतारीची तार घोडीजवळ छेडली तर आवाज तीक्ष्ण येतो आणि घोडीपासून दूर छेडली तर तो मृदू होतो, हे आपल्याकडील वादक अनुभवाने जाणतात. हाच नियम ऐकण्याच्या जागेलाही लागू पडतो. तार एकाच वेळी मूळ स्वर आणि त्याच्या पटीतील अनेक उपस्वर यांत कंप पावत असते. बास गिटारच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सुमारे ४१.२ असते. पिकअप ब्रिजपासून तारेच्या एक-चतुर्थांश लांबीवर असेल तर त्या ठिकाणी चौथा उपस्वर (सुमारे १६५) स्थिर असतो, म्हणून तो पिकअपला मिळतच नाही. पिकअप एक-अष्टमांश लांबीवर असेल तर चौथा उपस्वर पूर्ण जोमाने मिळतो, पण मूळ स्वर पहिल्या जागेच्या तुलनेत जवळपास अर्धाच मिळतो. एका जागी खर्ज आहे पण स्पष्टता नाही आणि दुसऱ्या जागी स्पष्टता आहे पण खर्ज नाही. दोन्ही पिकअपचे संकेत योग्य प्रमाणात मिसळणे हा या अडचणीवरील उपाय होता.

१९६० मध्ये आलेल्या फेंडरच्या जॅझ बासमध्ये दोन एकेरी पिकअप आणि प्रत्येकाला स्वतंत्र आवाज-नियंत्रण देण्यात आले. आवाजाचा पोत वादकाच्या बोटांखाली आला. या दोन पिकअपची वेटोळी आणि चुंबक परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्ही समप्रमाणात उघडले की हमिंग नाहीसे होते. एक कमी केला की ते पुन्हा डोकावते. गिब्सनच्या १९६१ मधील ईबी-३ मध्ये मानेजवळ मोठा हमबकर आणि ब्रिजजवळ लहान हमबकर अशी विषम जोडी होती. त्यांची निवड फिरत्या कळीने करावी लागे. रिकनबॅकरने काही वाद्यांत दोन पिकअपचे संकेत वेगवेगळे बाहेर काढण्याची सोय केली. त्यामुळे मिश्रण वाद्यात न होता ध्वनिवर्धकांच्या पातळीवर होऊ शकले. पुढे अनेक निर्मात्यांनी दुभंगलेला प्रिसिजन पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझ पिकअप अशी जोडी रूढ केली. वादकांच्या भाषेत तिला 'पी-जे' म्हणतात.

या संयोगाला मर्यादाही होत्या. पी-जे जोडीत दुभंगलेला पिकअप स्वतःचे हमिंग स्वतःच रद्द करतो, परंतु एकेरी पिकअपचे हमिंग तसेच राहते. दोन पिकअपची कला परस्परविरुद्ध जोडली गेली तर मिश्रणात खर्जच नाहीसा होतो आणि दोन्ही पिकअप चालू असूनही आवाज पोकळ येतो. तसेच कोणत्याही विद्युतमंडलाशिवाय दोन पिकअप जोडल्यास ते एकमेकांवर भार टाकतात. म्हणून मिश्रण म्हणजे केवळ दोन आवाजांची बेरीज नव्हे. ती एक नवी घडण असते आणि तिच्यात काही मिळते तसे काही गमावलेही जाते.

चुंबकीय आणि पीझो : दोन वेगळ्या तत्त्वांची जोडणी

सर्वांत कठीण संयोग चुंबकीय आणि पीझो पिकअपचा आहे. काही स्फटिकांवर दाब पडला की विद्युतदाब निर्माण होतो, हा शोध झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. ब्रिजखाली बसवलेला पीझो तारेचे चुंबकीय गुणधर्म पाहत नाही. तो दाबातील बदल टिपतो. म्हणून आतड्याच्या वा नायलॉनच्या तारांवरही तो चालतो आणि वाद्याच्या लाकडाचा ध्वनीही काही प्रमाणात उचलतो. चुंबकीय पिकअपला मात्र लोहयुक्त तारच लागते.

हे दोन पिकअप साध्या तारेने एकत्र जोडता येत नाहीत. पीझोची धारिता एक नॅनोफॅरड धरली आणि त्याला बास गिटारमधील नेहमीचे २५० किलोओहमचे नियंत्रण जोडले, तर सुमारे ६४० हर्ट्‌झच्या खालचे स्वर क्षीण होत जातात. म्हणजे बास वाद्याचा बहुतेक खर्जच हरवतो. तोच पीझो १० मेगाओहमच्या प्रवर्धकाला जोडला तर ही सीमा १६ हर्ट्‌झपर्यंत खाली येते आणि ४१ चा स्वर सुखरूप राहतो. म्हणून प्रत्येक पिकअपला आधी स्वतंत्र प्रवर्धक द्यावा लागतो आणि त्यानंतरच त्यांचे मिश्रण करावे लागते. वाद्याच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रवर्धक बसवण्याची कल्पना कॅलिफोर्नियातील अलेम्बिक या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुढे नेली आणि १९७६ मधील म्युझिक मॅन स्टिंगरेने ती सर्वसामान्य वादकापर्यंत पोहोचवली. पुढील काळातील विषम पिकअपचे मिश्रण या प्रवर्धकामुळे सुकर झाले.

मुंबईचे वाद्यवृंद आणि बास

भारतात हे वाद्य रुजले ते मुख्यतः मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात आणि कोलकाता-मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये. पोर्तुगीज राजवटीतील गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी व व्हायोलिनचे शिक्षण मिळत असे. तेथून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी मुंबईच्या वाद्यवृंदाला लिखित स्वरलेखनाची शिस्त दिली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे या संदर्भात महत्त्वाची आहेत. खर्जाची बाजू आरंभी डबल बास आणि चेलो सांभाळत. १९६० च्या दशकात विद्युत बासने तेथे आपले स्थान निर्माण केले.

शंकर-जयकिशन यांच्या १९६८ मधील 'रागा-जॅझ स्टाइल' या ध्वनिमुद्रिकेत रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, दिलीप नाईक व ॲनिबल कॅस्ट्रो यांची गिटार आणि लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम यांच्याबरोबर बासवर एडी ट्रॅव्हास यांचे नाव आढळते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास गिटार वाजवली. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर मात्र वादकांची नावे सहसा छापली जात नसत. ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींवर आधारित 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या अनामिक श्रमाचे चित्र अभ्यासकांसमोर सविस्तर आले.

त्या काळात ध्वनिमुद्रणाची पद्धत अशी होती की गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दालनात ध्वनिमुद्रण करीत. नंतर बासचा आवाज वेगळा काढून सुधारण्याची सोय नव्हती. त्यामुळे वादकाने आपल्या वाद्यावरच आवाजाचा जो पोत निश्चित केला असेल, तो गीताचा कायमचा भाग होई. दोन नियंत्रणे किती फिरवायची हा निर्णय वादकाचा असे आणि तो सर्जनशील निर्णय होता. अशा निर्णयाला श्रेयनामावलीत जागा नव्हती.

आयात-नियंत्रण आणि वाद्याची उपलब्धता

१९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी परकीय चलनाची टंचाई आणि परवाना पद्धती यांमुळे परदेशी वाद्य मिळवणे कठीण होते. परदेशातून येणारे नातेवाईक, जहाजावर नोकरी करणारे आणि भारत सोडून जाणारे परदेशी नागरिक यांच्याकडून वाद्ये हातोहात फिरत. मुंबईतील १८६५ पासूनच्या फुर्ताडोसारख्या पेढ्या आणि कोलकात्यातील गिवसनसारखे निर्माते यांच्यामुळे गिटार सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली. तरी उत्तम पिकअप हा दुर्मीळच भाग राहिला. अशा परिस्थितीत दुरुस्ती हीच निर्मिती ठरते. एका वाद्याचा पिकअप दुसऱ्यावर बसवणे, जळालेले वेटोळे पुन्हा भरणे, रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याकडून नियंत्रणे बदलून घेणे, हे टंचाईच्या अर्थव्यवस्थेतून जन्मणारे व्यवहार आहेत. अमेरिकेत विषम पिकअपची जोडी ही बहुतांशी ग्राहकाच्या आवडीची बाब होती. टंचाईच्या बाजारपेठेत तीच जोडी हाती लागलेल्या भागांवरून ठरू शकते. एकच तांत्रिक रचना दोन समाजांत दोन भिन्न कारणांनी घडू शकते, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने ध्यानात ठेवावयास हवे.

यवतमाळचा श्रोता

या इतिहासाची दुसरी बाजू श्रोत्याची आहे. विविध भारतीचे प्रसारण ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाले आणि पुढील दोन दशकांत ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोहोचला. वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा या परिसरातील कापूस वेचणाऱ्या मजुराने वा शाळामास्तराने चित्रपटगीते ऐकली ती या लहान पेटीतून. ट्रान्झिस्टरमधील काही इंचांचा ध्वनिक्षेपक ४१ किंवा ५५ हर्ट्‌झचा मूळ स्वर जवळजवळ उत्पन्नच करू शकत नाही. तरीही श्रोत्याला बासची चाल ऐकू येत होती. याचे कारण असे की मूळ स्वर गैरहजर असला तरी त्याचे उपस्वर कानावर पडले, तर मानवी श्रवणयंत्रणा त्यांच्या परस्पर अंतरावरून मूळ स्वराचा बोध करून घेते.

येथे पिकअपच्या संयोगाला सामाजिक अर्थ प्राप्त होतो. केवळ मानेजवळचा, खर्जप्रधान पिकअप ऐकला तर बास स्टुडिओत भरदार वाटेल, परंतु ट्रान्झिस्टरवर तो विरून जाईल. ब्रिजजवळच्या पिकअपमधील उपस्वर त्यात मिसळले तर तीच चाल यवतमाळच्या खेड्यातही ओळखू येईल. दोन पिकअपमधील प्रमाण हे एका अर्थी दालनातील श्रोता आणि शेतातील श्रोता यांच्यातील प्रमाण होते.

विजेचाही येथे वेगळा विचार करावा लागतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर मिळणारा स्वर सुमारे ४९ हर्ट्‌झचा असतो. म्हणजे विजेचे हमिंग बासच्या नेमक्या स्वरक्षेत्रात, जवळजवळ एका स्वरावरच, येऊन बसते. अमेरिकेतील ६० हर्ट्‌झच्या विजेत ते अन्य दोन स्वरांच्या मध्ये पडते. यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. अशा उत्सवाच्या मंडपात जनरेटर, ट्यूबलाइटचे चोक, रोषणाईच्या माळा आणि सदोष अर्थिंग एकत्र आले की एकेरी पिकअप सर्वाधिक हमिंग उचलतो. तेथे जॅझ बासचे दोन्ही पिकअप समप्रमाणात उघडे ठेवणे ही रुचीची बाब न राहता गरज बनते. त्यामुळे दोन्ही पिकअप उघडे ठेवलेल्या वादकाविषयी 'त्याला असा आवाज आवडे' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी रंगमंचावरील विजेची चौकशी करणे आवश्यक आहे.

यंत्राचे आव्हान

१९८० च्या दशकात बास गिटारचे स्थान डळमळीत झाले. रोलँड कंपनीने बासवादकाला पर्याय म्हणून काढलेले टीबी-३०३ हे यंत्र बाजारात फार काळ टिकले नाही. मात्र मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्राच्या साहाय्याने दहा रागांची ध्वनिमुद्रिका तयार केली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर तिची चर्चा झाली. १९८३ पासून मिडी पद्धतीने यंत्रे परस्परांशी जोडता येऊ लागली आणि खर्जाची बाजू कळफलकावर वाजवणे स्वस्त ठरले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवादकाचा डावा हात बास सांभाळू लागला. विदर्भातील धुमाल पथकांतही कीबोर्ड आणि तालवाद्ये यांचेच वर्चस्व दिसते.

यंत्राला तार नाही, म्हणून पिकअप नाही आणि पिकअप नाही म्हणून त्या अर्थाने मिश्रणाचा निर्णयही नाही. असे असूनही बास गिटार संपली नाही. मुंबईच्या मोहिनी डे यांच्यासारख्या तरुण वादकांनी एकविसाव्या शतकात या वाद्याला रंगमंचाच्या अग्रभागी आणले. पडद्यामागील वाद्य पुढे आले आणि वादकाचे नावही त्याबरोबर आले, हा बदल लक्षणीय आहे.

अभ्याससाधनांचा प्रश्न

या विषयाच्या अभ्यासात एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. केवळ जुने ध्वनिमुद्रण ऐकून वादकाने कोणता पिकअप वापरला हे निश्चित करता येत नाही. तारा गुळगुळीत की खरबरीत, वादन बोटांनी की पट्टीने, ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन कोठे, ध्वनिफीत कोणत्या प्रतीची, या प्रत्येकाचा परिणाम आवाजावर होतो. म्हणून प्रत्यक्ष वाद्य हेच या इतिहासाचे अस्सल दफ्तर मानावे लागते. वाद्याच्या पाठीमागील झाकणाखाली असलेले जोडकाम, पुन्हा भरलेली वेटोळी, बदललेली नियंत्रणे आणि लाकडात नव्याने कोरलेले खड्डे यांतून त्या वाद्याचा आणि त्याच्या मालकाचा इतिहास वाचता येतो. तथापि जुनी वाद्ये भंगारात जातात किंवा 'मूळ स्वरूपात' आणण्याच्या नादात त्यांचे बदललेले भाग फेकले जातात. त्या क्षणी पुरावा नष्ट होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पिकअपचा संयोग खर्ज आणि स्पष्टता यांच्यातील भौतिक अंतर्विरोधातून निर्माण झाला. भिन्न तत्त्वांच्या पिकअपचे मिश्रण मात्र वाद्यातील प्रवर्धकामुळेच व्यवहार्य ठरले.

२. भारतातील या वाद्याचा इतिहास केवळ तंत्राच्या आयातीचा नाही. आयात-नियंत्रण, दुरुस्तीची संस्कृती, ५० हर्ट्‌झची वीज आणि एकत्रित ध्वनिमुद्रणाची पद्धत यांनी वादकाच्या निवडीची चौकट ठरवली.

३. ग्रामीण श्रोत्यापर्यंत बास पोहोचला तो मूळ स्वरापेक्षा उपस्वरांच्या रूपाने. श्रोत्याच्या साधनाचा विचार केल्याशिवाय वाद्याच्या आवाजाचा इतिहास पूर्ण होत नाही.

४. बासवादकाचा पोतविषयक निर्णय हा सर्जनशील श्रम आहे. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद व्हावयास हवी.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करणे उचित ठरेल. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगीत, इतिहास आणि पदार्थविज्ञान हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात, परंतु त्यांचे संशोधन क्वचितच एकत्र येते. जिल्ह्यातील जुन्या ऑर्केस्ट्रांची वाद्ये, त्यांतील जोडकामाची छायाचित्रे आणि वयोवृद्ध वादक व दुरुस्ती-कारागिरांच्या मुलाखती यांचे संकलन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून सहज होऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती त्वरेची, कारण ही वाद्ये आणि ती वाजवणारी पिढी या दोहोंच्या बाबतीत काळ अनुकूल राहिलेला नाही.